स्वादुपिंडाची कळी थाळीत वाढत नाही? आधी मेसेन्काइम तपासा

विचारणारा बदलतो, प्रश्न तोच राहतो. उंदराच्या ई११.५ च्या (म्हणजे गर्भाच्या साडेअकराव्या दिवसाच्या) भ्रूणातून पाठीकडची स्वादुपिंडाची कळी काढली, फायब्रोनेक्टिन लावलेल्या कव्हरस्लिपवर बसवली. एकदोन बॅच झकास गेल्या, शाखा फुटल्या, इन्सुलिनचे ठिपके दिसले. पुढच्या बॅचला मात्र ढिम्म. मधोमध गोळा तसाच, भोवती लांबट पेशींचा पसारा, ॲमायलेज या पाचक एन्झाइमचा पत्ता नाही. मग सीरम बदललं जातं, मीडिया (पेशी वाढवायचा द्रव) नवा मागवला जातो, कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरवर संशय जातो, जुलै असेल तर मुंबईच्या दमट हवेला शिव्या पडतात. पुढची बॅच योगायोगाने बरी निघते आणि सगळे समजतात की सीरमच खराब होतं. महिनाभराने पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

परळच्या, पवईच्या, खारघरच्या मुलामुलींकडून हीच तक्रार इतक्या वेळा ऐकली आहे की एकदाच सविस्तर लिहून टाकते. माझं मत सरळ आहे: बहुतेक वेळा सीरम निर्दोष असतं आणि एपिथेलियम, म्हणजे कळीचा आतला थर, तोही. दोष असतो मेसेन्काइममध्ये, म्हणजे भोवतीच्या सैल पेशींमध्ये. ते कमी आलेलं असतं, भलत्याच अवयवाचं आलेलं असतं, किंवा चुकीच्या वयाचं. दहीहंडीत सगळ्यांचे डोळे वरच्या पोराकडे असतात, थर मात्र कोसळतो खालच्या रांगेतला एखादा खांदा निसटल्याने. आपण अँटिबॉडी लावतो एपिथेलियमला, फोटो काढतो एपिथेलियमचे, मोजतोही तेच. मेसेन्काइमची नोंद वहीत सहसा नसतेच.

मेसेन्काइम करतं काय

उंदरात साडेनवव्या दिवसाच्या सुमारास आद्य आतड्याच्या पाठीकडच्या भिंतीला फुगवटा येतो. पोटाकडची कळी थोडी मागाहून येते. भिंतीच्या आतल्या थराच्या पेशी म्हणजे एपिथेलियम. नलिका, पाचकरस बनवणाऱ्या ॲसिनर पेशी आणि लँगरहॅन्सची बेटं ही तिन्ही त्यातूनच निघतात. मेसेन्काइम म्हणजे त्याभोवतीच्या विरळ, सैल पेशी. त्यातली एकही पेशी इन्सुलिन बनवत नाही, म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही.

कळी फुटायच्या आधीचे इशारे वेगळ्या ऊतींकडून येतात. आधी नोटोकॉर्ड (भ्रूणाच्या पाठीतला कण्याआधीचा दांडा) आतड्याच्या भिंतीला टेकलेला असतो आणि तिथलं सोनिक हेजहॉग हे इशारा देणारं प्रथिन दाबून ठेवतो. कोंबडीच्या भ्रूणांवर हे १९९७-९८ मध्ये दाखवलं गेलं. मग महाधमनीच्या अस्तराच्या पेशींची पाळी येते. त्यांच्या सान्निध्यात इन्सुलिन सुरू होतं हे २००१ मध्ये कळलं. ई११.५ ला कळी काढताना ही दोन्ही कामं उरकलेली असतात, त्यामुळे नोटोकॉर्ड थाळीत नाही याची चिंता नको. इथून पुढे गाडी मेसेन्काइमवर चालते.

हे माहीत होऊन साठ वर्षं उलटली. १९६२ मध्ये गोलोसो आणि ग्रोब्स्टाइन यांनी एपिथेलियम मेसेन्काइमपासून सोडवून एकटं वाढवून पाहिलं. ते वाढलं नाही. मेसेन्काइम परत जोडलं, वाढलं. मधे बारीक छिद्रांचा फिल्टर ठेवला तरी वाढलं, म्हणजे काहीतरी झिरपून पलीकडे जात होतं. गंमत अशी, की लाळग्रंथीचं मेसेन्काइम लावलं तरी स्वादुपिंडाचं एपिथेलियम खुशाल वाढलं. याच्या उलट लाळग्रंथीचं एपिथेलियम फार चोखंदळ, त्याला स्वतःचंच मेसेन्काइम लागतं. त्यावरून बराच काळ समज असा होता की स्वादुपिंडाला कुठलाही आधार पुरतो, कोण काय होणार हे एपिथेलियमने आधीच ठरवलेलं असतं. पुढे कोंबडीच्या भ्रूणाचा अर्कही मेसेन्काइमची जागा काही अंशी घेतो असं दिसलं. जुन्या प्रोटोकॉलमध्ये हा अर्क का असतो, त्याचं उत्तर हे.

त्या समजाला १९९६ मध्ये तडा गेला. गिटेस आणि सहकाऱ्यांनी एकच एपिथेलियम तीन ठिकाणी ठेवलं. मेसेन्काइमसह ठेवल्यावर ॲसिनस (ॲसिनर पेशींचे पुंजके) आले. मेसेन्काइमशिवाय प्रौढ उंदराच्या मूत्रपिंडाच्या आवरणाखाली ठेवल्यावर बेटं आली. आधारपटलाच्या (एपिथेलियमखालच्या पातळ पटलाच्या) घटकांनी भरलेल्या जेलमध्ये ठेवल्यावर नलिका आल्या. आपल्या कामासाठी या एका प्रयोगाइतकं उपयोगाचं दुसरं काही नाही, कारण तो उलटाही वाचता येतो: थाळीत काय निघालं त्यावरून मेसेन्काइमचं काय झालं हे ओळखता येतं. खालची सगळी चिकित्सा त्याच हिशेबाने.

गोळा तसाच राहतो, शाखा नाहीत

सर्वात नेहमीची तक्रार. पहिला प्रश्न: कळी काढताना किती साफ केली?

नवीन मुलं मोठ्या अभिमानाने सांगतात, "मॅडम, या वेळी अगदी स्वच्छ निघाली." तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकते. जठर आणि ड्युओडेनम बाजूला करता करता सुईने भोवतीचं सैल आवरणही खरवडलं जातं. खालून प्रकाश टाकून पाहिलं तर एपिथेलियम दाट आणि ठसठशीत कडेचं दिसतं, मेसेन्काइम फिकट आणि कड नसलेलं. हात जितका सराईत होतो तितकं तुकड्याचं रूप देखणं होतं आणि मेसेन्काइम कमी उरतं. म्हणूनच पहिल्या बॅचा चांगल्या आणि पुढच्या वाईट असं घडतं. लोक म्हणतात हात बसल्यावर प्रयोग बिघडला, असं कसं? असंच.

एन्झाइमचंही तेच. कळी सोडवायला कोलॅजिनेज किंवा डिस्पेज वापरत असाल तर ते आधी आधारपटल आणि मेसेन्काइमच सैल करतं. मेसेन्काइम ठेवायचं असेल तर ई११.५ ला एन्झाइमची गरजच नाही. टंगस्टनच्या दोन सुया आणि थोडा धीर पुरतो. एन्झाइम राखून ठेवा ते एपिथेलियम मुद्दाम एकटं हवं असेल तेव्हासाठी.

एकट्या एपिथेलियमला नेमकं काय कमी पडतं, याचं मोठं उत्तर २००१ मध्ये आलं: एफजीएफ१० हे वाढीचं प्रथिन. साधारण ई९.५ ते ई११.५ या काळात ते कळीच्या भोवतालच्या मेसेन्काइममध्ये बनतं आणि त्याचा ग्राहक (रिसेप्टर) असतो एपिथेलियमवर. ज्या उंदरांत एफजीएफ१० चं जनुकच नाही त्यांच्यात कळी फुटते, पण पीडीएक्स१ (स्वादुपिंडाच्या पेशींची खूण) असलेल्या पूर्वज पेशी वाढत नाहीत आणि शाखा येत नाहीत. थाळीतला तुमचा ढिम्म गोळा आणि तो भ्रूण यांत फार फरक नाही.

तेव्हा निदान करायचं असेल तर सीरम बदलू नका. त्याच बॅचच्या अर्ध्या कळ्यांना एफजीएफ१० द्या, सोबत हेपारिन. हेपारिनशिवाय हे प्रथिन ग्राहकावर नीट बसत नाही आणि ३७ अंशांवर लवकर निकामी होतं. एफजीएफ१० दिलेल्या कळ्या वाढल्या आणि बाकीच्या नाही, तर एपिथेलियम धडधाकट आहे आणि मेसेन्काइम कमी पडलंय हे सिद्ध. दोन्ही वाढल्या नाहीत तर खरोखर मीडिया, तापमान किंवा काचेकडे वळा. एफजीएफ१० लहान लहान भागांत गोठवा, एकदा वितळवलेलं पुन्हा गोठवू नका. विरळ केलेलं प्रथिन प्लास्टिकला चिकटतं, म्हणून द्रावणात थोडं अल्ब्युमिन असू द्या. "एफजीएफ१० देऊनही काही झालं नाही" म्हणणाऱ्यांच्या नळीत बऱ्याचदा एफजीएफ१० उरलेलंच नसतं.

याहून पक्की चाचणी म्हणजे जोडणी. अडलेल्या एपिथेलियमला दुसऱ्या मादीच्या भ्रूणातलं ताजं मेसेन्काइम लावून बघा. वेळखाऊ आहे, पण एकदा केली की महिनोन्महिन्यांचा वाद मिटतो.

दुसरा प्रश्न वयाचा. ई११.५ म्हणता ते कशावरून? सकाळी मादीच्या योनीत प्लग (समागमानंतर वीर्य घट्ट होऊन बसलेलं बूच) दिसला की त्या दुपारला ई०.५ धरतात. प्लग टिकतो काही तासच. मुंबईत पावसाने रुळांवर पाणी आलं की प्राणिगृहात माणूस पोहोचतो दुपारी. प्लग पडून गेलेला असतो, मग दुसऱ्या दिवशीची नोंद होते, किंवा त्या मादीचा हिशेब अंदाजाने लावला जातो. एका दिवसाची गफलत इथे फार महाग पडते. ई१०.५ ला कळीभोवतीचं मेसेन्काइम सोडवताना तुटतं, आणि ई१२.५ ला एफजीएफ१० चा काळ सरत आलेला असतो. तारखेवर विसंबू नका, भ्रूण बघा: हातापायांच्या अंकुरांचा आकार, डोळ्यातला रंग. एकाच मादीच्या पोटातली भ्रूणंही अर्धा दिवस पुढेमागे असतात, ती वेगळी लावा.

तिसरा प्रश्न प्रवासाचा. प्राणिगृह एका टोकाला आणि कल्चरची खोली दुसऱ्या टोकाला, ही मुंबईतली नेहमीची अडचण. हार्बर लाइन असो की टॅक्सी, कळी काढून घेऊन निघू नका. सुट्या तुकड्याची कड प्रवासभर हलत राहते आणि मेसेन्काइम सुटत जातं. अख्खी भ्रूणं, शक्य तर गर्भाशयातच, बर्फावर आणा आणि कळी कल्चरच्या खोलीत येऊन काढा. द्रव बायकार्बोनेटवर चालणारा नको. हवेत तो जांभळट होत जातो, म्हणजे अल्कधर्मी. लिबोव्हिट्झचं एल-१५ कार्बन डायऑक्साइडशिवाय चालतं, प्रवासाला तेच बरं. संस्थेच्या प्राणी नीतिसमितीच्या मंजुरीत ही ने-आण लिहिलेली आहे ना, तेही पाहून घ्या.

बेटं भरपूर, ॲसिनस जवळपास नाहीत

ही तक्रार म्हणून क्वचितच येते. बहुतेक जण आनंदाने सांगतात: "इन्सुलिनवाल्या पेशी या वेळी केवढ्या आल्या!" मधुमेहावर काम करणाऱ्याला आनंद होणारच. पण ॲमायलेज बघा. ते जवळपास नसेल तर तुम्ही बीटा पेशी (बेटांतल्या इन्सुलिन बनवणाऱ्या) वाढवलेल्या नाहीत, मेसेन्काइम घालवलं आहे.

कारण असं: मेसेन्काइम फॉलिस्टॅटिन नावाचं प्रथिन सोडतं आणि ते ॲक्टिव्हिन या दुसऱ्या इशारा देणाऱ्या प्रथिनाला अडवतं. १९९८ मध्ये मिरालेस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एकट्या एपिथेलियमला नुसतं फॉलिस्टॅटिन दिलं तरी मेसेन्काइमचे दोन्ही परिणाम दिसतात: पाचकरसाच्या पेशी वाढतात आणि हॉर्मोनच्या कमी होतात. मेसेन्काइम गेलं की पारडं उलट झुकतं, पूर्वज पेशी घाईने हॉर्मोनच्या वाटेला लागतात. २००६ मध्ये डुव्हिलिए आणि सहकाऱ्यांनी हीच गोष्ट वेळेच्या अंगाने मांडली: मेसेन्काइम बीटा पेशी होण्याची घाई थोपवून धरतं.

इथे एक गोम आहे आणि तिच्यात भलेभले अडकतात. टक्केवारी आणि संख्या वेगळ्या. मेसेन्काइमशिवायच्या थाळीत हॉर्मोनच्या पेशींचं प्रमाण जास्त दिसतं, कारण बाकी काही वाढलेलंच नसतं. सगळ्या बीटा पेशी मोजल्या तर चित्र पालटतं. २००७ मध्ये अटाली आणि सहकाऱ्यांनी उंदीरघुशीच्या (रॅटच्या) भ्रूणावर मोजून दाखवलं की शेवटी मिळणाऱ्या बीटा पेशी मेसेन्काइमसह जास्त असतात. बीटा पेशी स्वतः विभागतात म्हणून नव्हे. त्यांच्या आधीच्या पीडीएक्स१ असलेल्या पूर्वज पेशींचा साठा मेसेन्काइममुळे मोठा होतो म्हणून. २०११ मध्ये जिवंत उंदरांत वेगवेगळ्या टप्प्यांवर मेसेन्काइम नष्ट करून पाहिलं, तेव्हाही तेच दिसलं: लवकर घालवलं तर अवयव नावापुरता उरतो, उशिरा घालवलं तरी शाखा आणि बीटा पेशी दोन्ही घटतात. म्हणजे मेसेन्काइमची नोकरी ई११.५ ला संपत नाही.

तेव्हा तुमच्या आलेखाच्या उभ्या अक्षावर "टक्के" असेल तर शेजारी एकूण पेशींचा आकडा द्याच. मार्गदर्शकाने मागितला नाही तरी द्या.

अंतराचाही परिणाम होतो. मेसेन्काइमला खेटून असलेलं एपिथेलियम ॲसिनसकडे झुकतं. थोडं दूर असलेलं, फक्त झिरपणारे रेणू पोचणारं एपिथेलियम बेटांकडे. त्यामुळे फिल्टरच्या पलीकडे मेसेन्काइम ठेवून आलेला निकाल आणि एकत्र लावून आलेला निकाल जुळत नसतील तर गोंधळू नका, ते जुळायला नकोतच.

पोकळ फुगे

हे जवळजवळ नेहमी मॅट्रिजेलमध्ये, म्हणजे आधारपटलाच्या घटकांच्या तयार जेलमध्ये. त्या जेलमध्ये लॅमिनिन हे आधारपटलाचं प्रथिन भरपूर, आणि लॅमिनिनमध्ये एकटं एपिथेलियम नलिकेकडे वळतं. फुगे हवे असतील तर उत्तम. आजच्या ऑर्गनॉइडची (थाळीत वाढवलेल्या छोट्या अवयवांची) सुरुवात तिथूनच आहे. २०१३ मध्ये ई१०.५ च्या पूर्वज पेशींपासून मेसेन्काइमशिवाय शाखा फुटलेले ऑर्गनॉइड बनवले गेले, पण मीडियात एफजीएफ वरून घालावं लागलं आणि सुट्या एकेकट्या पेशींपेक्षा छोट्या पुंजक्यांनी जास्त साथ दिली.

मुंबईपुरती एक सूचना. मॅट्रिजेल दहा अंशांच्या वर घट्ट व्हायला लागतं. मे महिन्यात एसी बंद पडलेल्या खोलीत ते पिपेटच्या टोकातच बसतं, थाळीत गुठळ्या पडतात आणि एका थाळीत फुगे, दुसरीत गोळे असं काहीही दिसतं. टोकं फ्रीजरमध्ये ठेवा. बर्फाचा डबा हूडमध्ये नेलात तर पावसाळ्यात त्याला बाहेरून घाम सुटतो आणि ते पाणी बुरशी घेऊन येतं. डब्यापेक्षा थंड केलेला धातूचा ठोकळा बरा.

वाढ जोरात, पण काहीच बनत नाही

एफजीएफ१० जास्त झालं किंवा फार दिवस दिलं. पूर्वज पेशी विभागत राहतात, नॉच (पेशींना पूर्वज अवस्थेत रोखणारा इशारा) चालू राहतो, एनजीएन३ (हॉर्मोनच्या पेशी घडवायला लागणारं प्रथिन) येत नाही. पीडीएक्स१ च्या ताब्यात एफजीएफ१० सतत चालू ठेवलेल्या उंदरांत २००३ मध्ये हेच दिसलं. उपाय सोपा: निदानापुरतं द्या, दोनएक दिवसांनी काढून घ्या.

मध्य काळा पडतो

इथे मेसेन्काइम बिचारं निर्दोष आहे. तुकडा जाड आणि मीडिया खोल, ऑक्सिजन आत पोचत नाही. रक्तवाहिन्या थाळीत वाहत नाहीत, एवढं आपण विसरतो. उंदीरघुशीच्या ई१३.५ च्या स्वादुपिंडावर ३ टक्के आणि २१ टक्के ऑक्सिजनची तुलना २०१० मध्ये झाली. कमी ऑक्सिजनमध्ये बीटा पेशी फारच कमी आल्या. तुकडा ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरवर, हवा आणि द्रवाच्या सीमेवर ठेवा, किंवा काचेवर लावत असाल तर मीडियाची उंची कमी करा. उंची कमी केली की बाष्पीभवनाची भीती असते. इन्क्युबेटरच्या तळाच्या ट्रेमध्ये पाणी आहे ना, ते शुक्रवारी संध्याकाळी लोकल पकडायच्या घाईत बघायचं राहतं.

लांबट पेशी सगळीकडे पसरल्या

पहिल्या दिवशी घाबरू नका. फायब्रोनेक्टिनच्या काचेवर, १० टक्के सीरममध्ये मेसेन्काइम आधी बाहेर पसरतं आणि एपिथेलियम मधे उंचवट्यासारखं राहतं. हे अपेक्षित आहे. शाखा त्यानंतर येतात, ॲमायलेज त्याहून उशिरा. अनेक चांगल्या थाळ्या या पहिल्या दिवशीच्या दृश्याला घाबरून फेकल्या जातात.

काळजी करायची ती पसरलेलं मेसेन्काइम एपिथेलियमला सोडून निघून गेलं तर. कडेच्या पेशी दूर काचेवर आणि एपिथेलियमभोवती उघडी पट्टी, असं दिसलं तर ते एकटं पडलंय असं समजा. पुढे वर सांगितलेली बेटांची अवस्था येणार. कळी नीट चिकटायच्या आधी थाळी हलवली, किंवा तुकडा टेकण्यापूर्वीच मीडिया भरभरून ओतला, तर असं होतं. लहान धातूच्या कड्यात थोड्या द्रवात कळी बसवून रात्रभर शांत ठेवा, मग मीडिया वाढवा. तरीही होत असेल तर काच सोडून फिल्टरवर या, तिथे १ टक्का सीरम पुरतं आणि मेसेन्काइमला पळायला मोकळं मैदान मिळत नाही.

आतड्यासारखी किंवा यकृतासारखी ऊती

क्वचित दिसते, पण दिसली की सगळे चक्रावतात. पाठीकडची कळी जठराच्या मागच्या मेसेन्काइममध्ये असते आणि प्लीहा तिथेच, त्याच शेजारात तयार होते. प्लीहेचं किंवा ड्युओडेनमचं मेसेन्काइम तुकड्याबरोबर आलं तर निकाल भरकटतो. एनकेएक्स३.२ हे जनुक नसलेल्या उंदरांत प्लीहेचं मेसेन्काइम स्वादुपिंडापासून वेगळं होत नाही आणि त्याला लागून असलेलं एपिथेलियम आतड्याचं रूप घेतं. गडबड उलट दिशेनेही होते. स्वादुपिंडाच्या एपिथेलियममध्ये सोनिक हेजहॉग चालू ठेवलं, तर भोवतीचं मेसेन्काइम आतड्याच्या गुळगुळीत स्नायूसारखं बनतं. हे १९९७ मधलं काम. म्हणजे एपिथेलियमही मेसेन्काइमला घडवत असतं, बोलणं एकतर्फी नाही.

यकृतासारख्या पेशी दिसल्या तर मीडियातली पुरवणी वाचा. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड स्वादुपिंडाच्या भ्रूणीय ऊतीतही यकृताचे गुण आणू शकतं. शेजारच्या गटाकडून उसना आणलेला मीडिया हा मुंबईच्या प्रयोगशाळांतला जुना शेजारधर्म आहे. बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय तो पाळू नका.

स्टेम सेलवाल्यांसाठी

तुमच्याकडे भ्रूण नाही, मेसेन्काइम नाही, तरी प्रश्न तेच येतात. कारण तुमच्या प्रोटोकॉलचे टप्पे म्हणजे बाटलीतून आणलेले शेजारी आहेत: हेजहॉग दाबणारं औषध नोटोकॉर्डच्या जागी, एफजीएफ७ किंवा एफजीएफ१० मेसेन्काइमच्या जागी, हे दोन्ही एफजीएफ एकाच ग्राहकावर बसतात. पूर्वज पेशींच्या टप्प्यावर पेशी टिकत नाहीत, लवकर हॉर्मोनच्या वाटेला लागतात अशी तक्रार असेल तर आधी एफजीएफची बाटली आणि तिचा काळ तपासा. २०१२ मध्ये मेल्टन यांच्या गटाने स्वादुपिंडाच्या मेसेन्काइमच्या पेशींवर अशा पूर्वज पेशी वाढवत ठेवता येतात हे दाखवलं. खऱ्या मेसेन्काइममध्ये एफजीएफपलीकडेही बरंच काही आहे, हे त्यातून दिसलं.

आणि "इन्सुलिन आलं" असं जाहीर करण्याआधी सी-पेप्टाइडची (प्रोइन्सुलिन तोडून इन्सुलिन बनताना सुटणाऱ्या तुकड्याची) अँटिबॉडी लावा. बी२७ सारख्या पुरवण्यांत इन्सुलिन असतं, पेशी ते आत ओढून घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली खऱ्या बीटा पेशीसारख्या चमकतात. सी-पेप्टाइड बाहेरून आलेलं नसतं. ते दिसलं तर पेशीने स्वतः प्रोइन्सुलिन तोडलेलं आहे.

मदत मागताना पहिल्या तासाचा फोटो पाठवा, खालून प्रकाश टाकलेला, रंग न लावलेला, मेसेन्काइमची कड दिसेल असा. सातव्या दिवसाचे झगमगते लाल-हिरवे फोटो नकोत. त्यांवरून मला काही सांगता येत नाही.